नाशिकमध्ये चांगलं कॉकटेल कसं शोधायचं? (वाईन नको, वाईन झाली!)

सातपूरकर_८७

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आपलं गाव वाईनचं. सुला वायनरीला टेस्टिंग झालंय, यॉर्क वायनरीला धरणाच्या पाण्याकडे बघत बसून झालंय, पाहुणे आले की तिकडेच नेतो आणि त्याचा अभिमान पण आहे. पण दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला गेलो होतो तेव्हा मित्राने एका कॉकटेल बारला नेलं आणि तिथं पहिल्यांदा निग्रोनी प्यायलो. मी आजवर व्हिस्की, अर्धा सोडा, अर्धं पाणी वाला माणूस, कॉकटेल म्हणजे सरबतात दारू असंच वाटायचं. तिथं काउंटरमागे एक मुलगी होती, तिने ग्लासात काचेसारखा स्वच्छ बर्फाचा एकच मोठा ठोकळा ठेवला, वेगळ्या भांड्यात लांब चमच्याने कितीतरी वेळ आवाज न करता ढवळत राहिली, मग गाळून ओतलं आणि शेवटी संत्र्याची साल ग्लासावर धरून दाबली तर सालीतल्या तेलाचे बारीक तुषार दिव्याच्या उजेडात दिसले. पहिला घोट कडूजहर. दुसरा जरा कमी कडू. तिसऱ्यापर्यंत कडू आणि गोड एकमेकांना धरून बसलेत असं काहीतरी लागायला लागलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये.

नाशिकला आल्यावर बायकोला घेऊन गंगापूर रोडच्या एका ठिकाणी गेलो (नाव नाही घेत). मोहितो (रम, पुदिना, लिंबू, सोडा) मागवलं. हिरव्या बाटलीतलं सिरप, पुदिन्याचा चुरा होऊन दातात अडकतोय, लिंबाचा वास फिनेलसारखा, किंमत ६५० रुपये. बायको म्हणाली याच्यापेक्षा उसाचा रस बरा. खूप वाईट वाटलं कारण मीच तिला आग्रह करून नेलं होतं.

तर आता पुढच्या महिन्यात मामेभाऊ येतोय, वय २३, आणि आम्हा तिघांना एक संध्याकाळ दोन-तीन ठिकाणी फिरून नीट चाखत कॉकटेल प्यायची आहेत, बजेट साधारण पाच हजार. बायकोला कडू चालत नाही. ठिकाण चांगलं आहे की नाही हे पैसे घालवायच्या आधी कळतं का? आणि एका रात्रीत किती प्यावीत म्हणजे चव कळत राहील?

---

काउंटरमागून

दादा, मी ११ वर्षं बारटेंडर आहे, आधी मुंबईत आणि आता इथं. कुठं ते सांगत नाही, जाहिरात वाटेल.

नावं विचारू नका, बघायला शिका. कारण बार तोच असतो पण माणूस बदलला की ड्रिंक बदलतं, आपल्याकडे पोरं सहा महिन्यात पुण्याला नाहीतर गोव्याला जातात.

पहिली गोष्ट, टेबलावर बसू नका, काउंटरला बसा. मंगळवार-बुधवारी जा, शनिवारी डीजे आणि गर्दी, तेव्हा कुणीच तुमच्यासाठी दोन मिनिटं ढवळत बसणार नाही. बसल्यावर आधी लिंबू बघा. ताजी लिंबं समोर दिसतायत का, का बाटलीतून रस येतोय? लिंबाचा रस काही तासांतच बदलतो, कालचा रस आज कडसर लागतो, आणि ते झाकायला साखर वाढवतात. तुमच्या मोहितोत जो फिनेलचा वास म्हणताय तो बाटलीतल्या लिंबाचा असणार. आणि पुदिना कुटायचा नसतो, तळाशी हलकेच दाबायचा, वास सुटला की बास. कुटला की पानातला कडवटपणा उतरतो.

दुसरी गोष्ट बर्फ. लोकांना वाटतं बर्फ जास्त म्हणजे फसवणूक. उलट आहे. ग्लास बर्फाने गच्च भरलेला असेल तर तो हळू वितळतो, चार छोटे पोकळ खडे टाकले तर दहा मिनिटांत पाणी होतं. आणि कॉकटेलमध्ये पाणी हा पण घटकच आहे, शेक केल्यावर किंवा ढवळल्यावर तयार ड्रिंकमध्ये साधारण पाव हिस्सा बर्फाचं पाणी असतं, ते नसेल तर घशाला लागतं. त्या पुण्याच्या मुलीने वेळ लावला तो त्यासाठीच, ती नुसतं गार करत नव्हती, मोजून पाणी उतरवत होती.

कुठलं ढवळायचं कुठलं हलवायचं याचा नियम साधा आहे. लिंबू, फळाचा रस, अंडं असेल तर शेकर. नुसती दारू-दारूची मिसळण असेल (निग्रोनी, मार्टिनी, ओल्ड फॅशन्ड) तर चमचा. समोरचा निग्रोनी शेकरमध्ये घालून खळखळवायला लागला तर पैसे द्या आणि पुढच्या ठिकाणी जा.

आता परीक्षा घ्यायची तर डायकिरी मागवा. स्ट्रॉबेरीवालं फ्रोजन नाही, साधं. ६० मिली व्हाइट रम, २५ मिलीच्या आसपास लिंबाचा रस, २० मिली पाक, संपलं. यात लपायला जागाच नाही. मी कामावर कुणाला घ्यायचं असलं की हेच करायला सांगतो. जिगरने (मापाच्या छोट्या पेल्याने) मोजतो का अंदाजाने ओततो ते बघतो, आणि मग आवाज ऐकतो. सुरुवातीला बर्फाचा खडखडाट मोठा असतो, दहा-बारा सेकंदांनी तो आवाज मऊ होतो आणि शेकरच्या बाहेर दव धरतं, हाताला चटका बसल्यासारखा गार लागतो. तेव्हा थांबायचं. ज्याला हे कळतं त्याच्याकडे वहिनींनी निर्धास्त काहीही मागवावं.

निग्रोनीबद्दल मात्र एक सांगतो. जिन, कॅम्पारी (इटलीची लाल कडू दारू) आणि गोड व्हर्मुथ समान मापात, म्हणजे रेसिपी पोरखेळ आहे, पण व्हर्मुथ ही मुळात वाईन आहे. तुम्ही नाशिकचे, तुम्हाला सांगायला नको उघडलेल्या वाईनचं काय होतं. फ्रिजमध्ये ठेवली तर थोडे आठवडे बरी राहते. आपल्याकडे दिवसाला दोन निग्रोनी जात नाहीत, म्हणून ती बाटली उघडी महिनोनमहिने मागच्या फळीवर दिव्याखाली उभी असते. विचारा सरळ, "व्हर्मुथ फ्रिजमध्ये ठेवता का?" विचारल्यावर जो खूश होतो तो तुमचा माणूस.

---

द्राक्षबाग_दिंडोरी

वरच्या भाऊंनी छान लिहिलंय. फक्त मामेभावाचं बघा. महाराष्ट्रात वाईन आणि माइल्ड बिअरला २१ पूर्ण लागतात पण व्हिस्की, रम, जिन, व्होडका या सगळ्याला २५. म्हणजे २३ व्या वर्षी त्याला कायद्याने कॉकटेल मिळत नाही, आणि चांगल्या ठिकाणी आधारकार्ड विचारतात तेव्हा तिथं खजील व्हायला नको. सांग्रिया (वाईन आणि फळांचं पेय) घेऊ म्हणाल तर त्यात बरेच जण ब्रँडी घालतात, विचारून घ्या. वाईन आणि सोडा एवढाच स्प्रिट्झर मागवा, त्याला चालेल.

आणि सातपूरकर, तुमच्या शीर्षकावर माझा आक्षेप आहे, "वाईन झाली" असं कसं? शेनिन ब्लांक (पांढरी वाईन), भरपूर बर्फ, सोडा, लिंबाची एक चकती आणि सीझनला चार काळी द्राक्षं हलकी दाबून. मार्चच्या दुपारी बागेतून आलं की आम्ही घरी हेच करतो आणि कुठल्या जिनच्या तोडीस तोड लागतं. माझी मनापासून इच्छा आहे की इथल्या बारवाल्यांनी तो ब्लू क्युरासाओ (निळी, संत्र्याच्या चवीची गोड दारू) सोडावा आणि इथलं काही वापरावं. पेठ-सुरगाण्याकडे मोहाची फुलं आहेत, उन्हाळ्यात करवंदं आहेत, डोंगराची काळी मैना म्हणून टोपल्या घेऊन बायका बसतात, ती कुठल्या ग्लासात दिसलीत का आजवर?

तुम्हाला माहितीये का, पंच नावाचं जे ड्रिंक आहे, ते आपल्या "पाच"वरून आलं असं बरेच जण मानतात. दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला, पाच जिन्नस. सतराव्या शतकात कंपनीचे खलाशी इकडून शिकून तिकडे घेऊन गेले. म्हणजे हा प्रकार परका नाहीच, आपल्याकडूनच गेलाय तो.

---

शरयू_कॉलेजरोड

मी आणि माझ्या दोन मैत्रिणी गेली तीन वर्षं महिन्यातून एकदा हेच करतो त्यामुळे वहिनींच्या बाजूने लिहिते.

एका रात्री दोन ठिकाणं, माणशी तीन ड्रिंक, त्याच्या वर नाही. तिसऱ्यानंतर जिभेला सगळं सारखंच लागतं. आम्ही तिघी तीन वेगवेगळी मागवतो आणि ग्लास फिरवतो, म्हणजे दोन फेऱ्यांत सहा चवी कळतात. क्रम मात्र हलक्याकडून जडाकडे, आधी सोडावालं किंवा लिंबूवालं, शेवटी निग्रोनी किंवा ओल्ड फॅशन्ड. उलट केलंत तर कडू जिभेवर बसतं आणि पुढचं सगळं पाणचट लागतं. प्रत्येक ड्रिंकमागे एक ग्लास साधं पाणी. आणि उपाशीपोटी जाऊ नका पण झणझणीत मिसळ खाऊन पण जाऊ नका, आम्ही एकदा गेलो होतो, दोन तास कशाचीच चव कळली नाही.

वहिनींना कडू नको तर मेनूवरचं नाव सांगण्यापेक्षा चव सांगा. "आंबट जास्त, गोड कमी, कोथिंबीर-मिरची चालेल" असं म्हटलं की चांगला बारटेंडर पिकांते देईल, टकीला, लिंबू, कोथिंबीर आणि हिरवी मिरची. मला पहिल्यांदा प्यायले तेव्हा आईच्या हिरव्या चटणीचा वास आला आणि तिथंच आवडलं. व्हिस्की सॉर (व्हिस्की, लिंबू, साखर) मागवणार असाल आणि शाकाहारी असाल तर आधी विचारा, वरचा तो पांढरा फेस बऱ्याचदा अंड्याच्या पांढऱ्याचा असतो. काही ठिकाणी छोले शिजवलेल्या पाण्याचा करतात, फेस तसाच येतो आणि वास येत नाही. मी श्रावणात पीतच नाही, पण एरवी पण अंडं खात नाही, आणि एकदा न सांगता दिलेलं कळलं तेव्हा डोळ्यात पाणी आलं होतं. विचारलं तर कुणी हसत नाही हो, बिनधास्त विचारा.

बिलाचं, दारूवर जीएसटी नसतो, व्हॅट असतो, आणि साध्या बारमध्ये तो नोव्हेंबर २०२३ पासून ५ चा १० टक्के झालाय. खाण्यावर जीएसटी वेगळा. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, सेवा आवडली नसेल तर काढायला सांगता येतो. मेनूवरच्या किमतीत हे धरून चाला नाहीतर पाच हजार कुठं गेले कळणार नाही.

आणि गाडी घरी ठेवा. सातपूर ते गंगापूर रोड रिक्षाला जेवढे जातील तेवढे जाऊ देत. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे, पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण दंडासाठी नाही सांगत. माझा वर्गमित्र गेलाय असाच.

---

मनमाड_अपडाउन

नाशिकमध्ये पोट भरलं की एकदा मुंबई करा. लोअर परळला कमला मिलमध्ये बॉम्बे कँटीन आहे, २०१५ पासून, देशी जिन्नस वापरून ड्रिंक्स करतात, आणि त्यांचंच बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) ओ पेद्रो, ते गोव्याच्या चवीचं. मात्र पंचवटी एक्स्प्रेसने संध्याकाळी परत यायचा विचार असेल तर जमणार नाही, ती सव्वासहालाच सीएसएमटीहून निघते आणि मजा त्यानंतर सुरू होते. मुक्कामच करा.

---

सातपूरकर_८७

मंडळी, काल जाऊन आलो. बुधवार, काउंटरला बसलो, तुमचं सगळं ऐकलं.

पहिल्या ठिकाणी (कॉलेज रोडकडे) लिंबाची बाटली दिसली. बायकोनेच आधी बघितली आणि मला कोपराने ढोसलं. सोडावॉटर पिऊन, फिंगर चिप्स खाऊन उठलो.

दुसऱ्या ठिकाणी पोरगा असेल सव्वीस-सत्तावीसचा. मी डायकिरी म्हणालो तर त्याने हातातलं कापड खाली ठेवलं आणि विचारलं, "साधी ना सर, फळाची नाही ना?" समोर लिंबू कापलं, पिळलं, जिगर दोनदा भरला, आणि शेकर हलवताना मी खरंच कान देऊन ऐकत होतो. आवाज बदलला! खडखड होतं ते ओल्या वाळूसारखं झालं आणि तो थांबला. ग्लास समोर आला तेव्हा वर बर्फाच्या बारीक चुऱ्याची साय होती. काय सांगू, एवढीशी रम, लिंबू, साखर आणि त्यातून असं काही होतं. बायकोने एक घोट घेतला, दुसरा घेतला आणि ग्लास परतच दिला नाही. मला दुसरं मागवावं लागलं.

मग तिने पिकांते घेतलं. मामेभावाला स्प्रिट्झर, आधारकार्ड खरंच मागितलं, दिंडोरीकर तुमचे उपकार. शेवटी मी व्हर्मुथचं विचारलं. पोरगा हसला नाही, वाकून खालच्या फ्रिजचं दार उघडलं आणि बाटली दाखवली, मानेला चिकटपट्टी, त्यावर पेनाने उघडल्याची तारीख. नऊ दिवसांपूर्वीची. म्हणाला सर, चार महिने झाले इथं, पहिल्यांदा कुणीतरी विचारलं.

निग्रोनी पुण्यासारखी झाली का? बर्फाचा ठोकळा नव्हता, साधेच चौकोनी खडे होते, पण ग्लास गच्च भरलेला. संत्र्याची साल त्याने दाबली तेव्हा बायको म्हणाली हा वास माझ्या ग्लासात पण पाहिजे. बिल सगळं धरून ४,३०० आणि काही रुपये झालं, रिक्षा वेगळी. ठिकाणाचं नाव व्यक्तिगत निरोपात देतो, इथं नको, शनिवारची गर्दी बुधवारी यायला लागेल.

---

काउंटरमागून

तारीख लिहिलेली चिकटपट्टी! दादा, मला पण निरोपात नाव पाठवा. त्या पोराला भेटायचंय.

---

द्राक्षबाग_दिंडोरी

मला पण पाठवा. करवंदं निघाली की एक पाटी घेऊन जातो त्याच्याकडे, बघू काय करतो.