तुमच्या गावचं हॉटेल आणि ते चालवणारा माणूस

तळकोकणी
काल भावाचा फोन आला, कणकवली स्टँडसमोरचे आबा गेले. वय झालं होतं, त्रास न होता गेले म्हणतात. पण ऐकल्यापासून मन थाऱ्यावर नाही. म्हणून हा धागा काढतेय.

आबा लालबागच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि मग जे झालं ते आपल्याकडच्या घराघराला माहीत आहे. कितीतरी माणसं ट्रंक घेऊन गावाला परतली, त्यातलेच आबा. माईंनी पाटल्या मोडल्या आणि स्टँडसमोर पत्र्याची शेड उभी राहिली. दोन बाकडी, कडप्प्याची टेबलं, दारात भट्टी. सकाळी चहा, भजी, उसळपाव. दुपारी माईंच्या हातचं माशाचं जेवण. बरणीत खाजा कायम.

पहिली गाडी सुटायच्या आधी आबांची भट्टी पेटलेली असायची आणि शेवटची गाडी लागेपर्यंत दिवा. मुंबईची रात्रीची गाडी पावसात तासन् तास उशिरा यायची. बायाबापड्या, पोरं, सगळे आबांकडे बसून. त्यांनी कधी कुणाला "ऑर्डर काय" विचारून उठवलं नाही. बारावीचा निकाल लागला, मी नापास. घरी जायचं धैर्य नाही म्हणून तिथेच बसले. आबांनी ताट पुढ्यात ठेवलं. "नापास झालंस तर काय झाला? आधी जेव, मगे रड." बांगड्याचं तिखलं होतं, तिरफळ घातलेलं. रडत रडत पूर्ण जेवले.

तुमच्याकडेही असा कुणीतरी असेल. लिहा.

वडाचा_पार
माईंचे वडे!!! केळीच्या पानावर थापायच्या, बोट ओलं करून मधे भोक, आणि तेलात टाकला की टम्म. आम्ही मुद्दाम काउंटरच्या आतल्या बाजूला उभे राहायचो बघायला. माई आहेत ना अजून?

तळकोकणी
आहेत. भावाने सांगितलं, कालपासून एकच विचारतायत, दूधवाल्याला उद्याचं कोण सांगणार.

खाडीपलीकडे
🙏🙏

लाल_डब्याची_लेक
माझे बाबा एसटीत ड्रायव्हर. आबांना मी बाबांच्या तोंडून ओळखते. कुणी मालवणला दवाखान्यात असेल तर आबा डबा बाबांच्या सीटमागे ठेवायचे आणि बाबा स्टँडवर उतरवून द्यायचे. पैसे नाहीत, पावती नाही. नुसतं "अमक्याच्या वाडीतल्या बाईचा" एवढंच सांगायचे. डबा पोचायचा आणि संध्याकाळच्या गाडीने धुऊन परतही यायचा. आणि गाडी सुटताना त्यांची हाक ठरलेली. "थांब जरा, म्हातारी चाय पिता हा, तिका घेवन जा." बाबा थांबायचे. आज हे वाचून दाखवलं त्यांना, चष्मा काढून ठेवला.

रोखठोक_राणे
माणूस मोठा होता यात वाद नाही, पण लोक आता त्यांना नुसतं गोड करून टाकतील म्हणून सांगतो. आबा तापट होते. उधारी पै-पैची लिहायचे, वहीत माणसाचं नव्हे तर घराचं नाव. गणपतीला चाकरमानी आले की वही बाहेर. माझ्या काकांनी दारू पिऊन तिथे तमाशा केला तेव्हा भर स्टँडवर कानाखाली वाजवली होती. दुसऱ्या दिवशी काका गेले चहा प्यायला, आबांनी दिला. काकांनी नंतर त्यांच्या दारात पिऊन पाऊल ठेवलं नाही. मला ते आबा जास्त आवडतात.

तळकोकणी
@रोखठोक_राणे अगदी खरं. ती लाल कापडाची वही मीही पाहिलीय. हे लिहिलंत ते बरं झालं.

गिरणगावची_नात
गिरणीचा विषय निघालाय म्हणून उलट्या बाजूने सांगते. माझी आजी लालबागच्या चाळीत खानावळ चालवायची. एका खोलीत शिफ्टप्रमाणे पंगती, महिन्याच्या पगारावर हिशोब. बहुतेक जेवणारे रत्नागिरी-सिंधुदुर्गचेच. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते अशाच खानावळवाल्या बायकांसाठी, सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. संप झाला तेव्हा जेवणाऱ्यांचे पगार थांबले म्हणजे आजीचेही पैसे थांबले. तरी तिने कित्येक महिने ताटं वाढली. गावाला परतलेल्यांपैकी काहींनी पुढे पाठवले, काही जमवूच शकले नाहीत. आजी नावं काढायची ती मात्र प्रेमानेच. कोण जाणे, आबाही तिच्या पंगतीला बसले असतील.

हर्णैची
आमच्याकडे हॉटेल बाईचं. आम्ही मावशी म्हणतो. संध्याकाळी किनाऱ्यावर लिलाव लागला की मावशी पदर खोचून पुढे, पापलेटकडे बघायच्या पण नाहीत. बोंबील, मांदेली, मिळाली तर सुरमई. "गिऱ्हाईक ज्याने पुन्हा येईल ते घ्यायचं." १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा सुकटीची चटणी, कुळथाचं पिठलं आणि गरम भाकरी. पर्यटक तोंड वाकडं करून गेले तरी त्यांनी फ्रीजरमधली मासळी ताजी म्हणून वाढली नाही.
२०२० ला ३ जूनला निसर्ग वादळ आलं, मावशींचं छप्पर गेलं, पोफळी आडव्या. लाइट कित्येक दिवस नव्हती. पडलेल्या झाडांच्या फांद्या लावून चुलीवर भात शिजवला त्यांनी, अख्ख्या पाखाडीचा. मुलं रडतायत मागे, नंतर लिहिते

वाशिष्ठीकाठ
चिपळूणचा पूर, २२ जुलै २०२१. ज्यांनी पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको. बाजारपेठेत आमचे एक काका, उसळपाववाले. पाणी माळ्यापर्यंत. ओसरल्यावर आम्ही गेलो तर काका चिखलातून टोप उपसतायत, एकेक करून. २००५ लाही हेच केलं होतं त्यांनी. पहिला स्टोव्ह पेटला त्याचा चहा सफाईला आलेल्या पोरांना. गल्ल्यातल्या भिजलेल्या नोटा दोरीवर वाळत घातल्या होत्या, कपड्यांसारख्या. नुकसानभरपाईसाठी किती खेटे घातले ते वेगळंच, त्यावर बोलायला लागलो तर रात्र जाईल.

पोफळीची_बाग
गुहागरकडे आम्ही शाकाहारी पंगतवाले 😄 पण भावना तीच. आमच्या अण्णांकडे जेवायचं तर सकाळी दहाच्या आत सांगून ठेवायचं. आयत्या वेळी आलात तर नाही म्हणायचे, आणि मग पाच मिनिटांनी स्वतःच हाक मारून ताकभात तरी द्यायचे.

जेटीवाला
दाभोळ. चाचांचं हॉटेल. धोपाव्याची फेरीबोट सुरू व्हायच्या आधीपासूनचं. ईदला सांदणं नारळाच्या दुधातली, आमच्या घरी डबा यायचा. गौरीच्या दिवशी आमच्या घरून घावणे जायचे. चाचा गेल्यावर मुलगा दुबईहून परत आला नाही. आता तिथे मोबाइलचं दुकान.

वडाचा_पार
सगळीकडे तेच. आबांचं पण आधी रेल्वेने गिऱ्हाईक नेलं ना? ९८ ला पूर्ण मार्ग चालू झाला आणि मुंबईकर सरळ स्टेशनवर.

तळकोकणी
हो, आणि आता हायवेचा उड्डाणपूल गावाच्या डोक्यावरून जातो. गोव्याच्या गाड्या वरच्या वर. आबा मात्र म्हणायचे, पूल गाड्यांसाठी, आपलं हॉटेल चालणाऱ्यांसाठी. शेवटपर्यंत कॉलेजची पोरं आणि बाजाराला येणाऱ्या बायका यांच्यावर चाललं. दरवाढ करायची झाली की आठवडाभर झोपायचे नाहीत, असं माई सांगायच्या.

डोंबिवलीत_अडकलेला
विषयांतर करतो, माफी. तिरफळ डोंबिवलीत कुठे मिळतं? तिखल्याचं वाचून जीव कासावीस झालाय.

लाल_डब्याची_लेक
श्रावणात गावाहून ताजे घोस येतात, सुकवून ठेवते. पत्ता मेसेज करा, पाठवते. आतली काळी बी काढून टाका आणि उतरवायच्या जरा आधी ठेचून घाला, वाटणात वाटू नका.

हर्णैची
आले परत. आमच्या इथे तिरफळ फार नाही वापरत, पण वड्यांचं पीठ कुणीतरी सांगा, दरवेळी माझे चपटे होतात

वडाचा_पार
१ किलो जाडा तांदूळ, पाव किलो उडीदडाळ, मूठभर चणाडाळ, धणे, १ चमचा मेथी. सरसरीत दळून आणायचं. कोमट पाण्यात घट्ट मळून चांगलं मुरू द्या, घाई केली की चपटे. माई पिठात कांद्याचा तुकडा खुपसून ठेवायच्या.

तळकोकणी
कांदा आणि वर गरम कोळसा, त्यावर तेल. मग झाकण. मी बाराव्याला गावी जातेय, माईंना पीठ किती वेळ मुरवतात ते नीट विचारून इथे टाकते. आणि कुणाकडे आबांचा जुना फोटो असेल तर मला पाठवा, भावाला मोठा करून लावायचाय.

रोखठोक_राणे
९५-९६ चा एक आहे, आमच्या क्रिकेट टीमचा, मागे भट्टीपाशी आबा. रात्री शोधून पाठवतो.