लॅपटॉपचा पंखा फिरतो, तरी तापून बंद पडतो : मदत हवी आहे

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी, जिनिंगला (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याला) लागून असलेल्या दुकानात मी सातबारा काढून देण्याचे व फॉर्म भरण्याचे काम ज्या लॅपटॉपवर करतो, तो पंखा जोरात घोंघावत असूनही थोड्याच वेळात तापून आपोआप बंद पडतो. मागचे झाकण उघडले असता तांब्याच्या नळीच्या टोकाशी असलेल्या बारीक पत्र्यांत कापसाच्या तंतूंचा नमद्यासारखा थर बसलेला दिसला. तो ब्रशने काढल्यावर कडेने गरम हवा येऊ लागली, परंतु प्रोसेसरचे तापमान ९५ अंशांखाली उतरत नाही. (आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो हे खरे, पण रात्रीही प्रोसेसर तेवढाच तापतो.) थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळीकडे पोचवणारा लेप) वाळली असावी, असा माझा कयास आहे. जुनी पेस्ट कशाने पुसावी आणि पंखाही बदलावा लागेल काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.