मूडलवरचं कोर्सचं पान विद्यार्थ्यांना चटकन कळेल असं कसं लावावं?

वेण्णाकाठ (सातारा)

बी.ए. द्वितीय वर्ष, भूगोल. ऐंशीच्या आसपास मुलं-मुली, बरेचसे पाटण, जावळी, कोरेगावकडचे. लॅपटॉप हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांकडे, बाकी सगळं मोबाईलवर. कॉलेजच्या मूडलवर (ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायची प्रणाली, आवृत्ती ४ च्या पुढची) पान आहे, पण त्याचं गोदाम झालंय: वर सगळ्या नोट्स, खाली सगळे पीपीटी, मग व्हिडिओ, तळाला असाइनमेंट. त्यामुळे ‘मॅडम, या आठवड्यात नेमकं काय करायचं?’ हे व्हॉट्सॲपवर चालूच असतं.

नव्या सत्राआधी पान मुळापासून लावायचं आहे. आठवडावार की घटकवार? टप्प्याटप्प्याने कुलपं लावावीत का, म्हणजे मागचं पूर्ण केल्याशिवाय पुढचं उघडू नये असं? आणि नोट्स जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये आहेत, त्यांचं काय करायचं?

दंडोबा (मिरज)

मॅडम, नोट्स-पीपीटी-व्हिडिओ ही वर्गवारी शिकवणाऱ्याच्या सोयीची. मुलाला एकाच घटकासाठी पान चारदा वर-खाली करावं लागतं आणि मोबाईलवर तो दुसऱ्या खेपेलाच सोडून देतो. ती मोडा.

घटकवार घ्या. आठवडावार फॉरमॅटमध्ये मूडल कोर्सच्या सुरुवातीच्या तारखेपासून सात-सात दिवस मोजत जातं. त्याला गणपतीची सुट्टी कळत नाही, दिवाळीची तर नाहीच. घटकवारमध्ये घटकाच्या नावातच तारखा लिहा आणि चालू घटक ‘हायलाइट’ करा. वेळापत्रक सरकलं तर फक्त नाव बदलायचं. कोर्स सेटिंगमध्ये ‘एका पानावर एकच सेक्शन’ (म्हणजे एकच घटक) ठेवलं की मोबाईलवर लांबलचक पान ओढत बसावं लागत नाही.

प्रत्येक घटकाचा क्रम एकसारखा ठेवा. नमुना:

३. कृष्णा खोरे (५ ते १४ ऑगस्ट)
सुरुवातीला दोन ओळी: ‘या घटकानंतर स्थलदर्शक नकाशावर कृष्णा आणि वेण्णा यांच्यामधला जलविभाजक आखता आला पाहिजे. एकूण वेळ साधारण तीन तास.’
३.१ वाचा: महाबळेश्वर ते संगम माहुली (४ पानं)
३.२ पाहा: समोच्च रेषांवरून नदीचं खोरं कसं ओळखायचं (७ मिनिटं)
३.३ सोडवा: १० प्रश्न, दोन संधी
३.४ जमा करा: जलविभाजक आखलेल्या नकाशाचा फोटो, १४ ऑगस्टपर्यंत

नावाची सुरुवात क्रियापदाने केली की काय करायचं हा प्रश्नच राहत नाही. ‘युनिट थ्री फायनल न्यू’ असली फाइलची नावं तशीच चढवू नका, डाव्या सूचीत तीच दिसतात. घटकात पाच-सहा गोष्टींच्या वर जाऊ नका. जादा वाचन असेल तर शेवटी एका ‘फोल्डर’मध्ये टाका आणि त्यावर ‘ऐच्छिक’ असं स्पष्ट लिहा.

सगळ्यात वरच्या भागात फक्त अभ्यासक्रम, गुणविभागणी, तुमची भेटण्याची वेळ आणि दोन फोरम. ‘अनाउन्समेंट्स’ मूडल आपोआप देतं, त्यात विद्यार्थ्यांना लिहिता येत नाही. शंकांसाठी वेगळा फोरम काढा, पण त्याचा प्रकार ‘क्वेश्चन अँड आन्सर’ निवडू नका. नावाला भुलून बरेच जण तोच घेतात. त्यात स्वतः काही लिहिल्याशिवाय इतरांची उत्तरं दिसतच नाहीत. ‘स्टँडर्ड फोरम’ घ्या.

येरळा (तासगाव)

श्रीलिपीबद्दल. या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. फॉन्ट नसलेल्या मोबाईलवर मजकूर गेला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. पीडीएफ केली तर डोळ्यांना ठीक दिसेल, पण शोध चालत नाही, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचं वाचक सॉफ्टवेअर भलतंच वाचतं. म्हणून फॉन्ट-परिवर्तकातून युनिकोड (कुठल्याही मोबाईलवर नीट दिसणारं मराठी) करून घ्या आणि मग हाताने तपासा. रफार, पहिली वेलांटी, ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्हा’, ‘ॲ’ आणि ‘ऑ’ याच जागा बहुधा बिघडतात. वर्डमधून चिकटवताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरा. नाहीतर वर्डचं फॉर्मॅटिंग सोबत येतं आणि एका ओळीत तीन आकारांची अक्षरं दिसतात.

वजन आटोक्यात ठेवा. दिवसाच्या दीड-दोन जीबी डेटामध्ये मुलांचं सगळंच चालतं, त्यात डोंगरकपारीत रेंज अधूनमधून.

मोबाईलचा फोटो तीन-चार एमबीचा असतो. रुंदी १२०० पिक्सेल केली की तो दीडदोनशे केबीत बसतो. अपवाद नकाशांचा. १:५०,००० चा स्थलदर्शक नकाशा इतका दाबला तर समोच्च रेषांवरचे आकडे पुसट होतात. पानावर लहान चित्र दाखवा, मूळ नकाशा वेगळी फाइल म्हणून उतरवायला ठेवा आणि तिच्या नावातच ‘१२ एमबी’ असं लिहा, म्हणजे ज्याला-त्याला वायफाय मिळेल तेव्हा घेता येईल.

व्हिडिओ मूडलवर चढवू नका. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ (लिंक असेल त्यालाच दिसेल असा) ठेवून लिंक द्या. ‘प्रायव्हेट’ ठेवलात तर मुलांना तो दिसणार नाही. तासाभराचं व्याख्यान अखंड टाकण्यापेक्षा सहा-आठ मिनिटांचे तुकडे करा.

अजिंक्यतारा (सातारा)

कुलपांबद्दल माझं मत: कमीत कमी. ‘३.३ सोडवल्याशिवाय ३.४ उघडणार नाही’ एवढं ठीक. पण अख्खा घटक चार मागच्या घटकांना बांधला की एखादा मुलगा आजारी पडला तरी सत्रभर अडकतो आणि त्याची कुलपं तुम्हालाच हाताने उघडावी लागतात.

लावणार असाल तर ‘रिस्ट्रिक्ट ॲक्सेस’ या सेटिंगमध्ये अटीशेजारचं डोळ्याचं चिन्ह उघडं ठेवा. मग गोष्ट राखाडी दिसते आणि अट खाली लिहिलेली येते. डोळा बंद असेल तर ती पूर्ण गायब होते आणि मुलं म्हणतात, ‘आमच्याकडे असाइनमेंटच नाही.’ ज्या ॲक्टिव्हिटीवर अट टांगलीय ती काढून टाकली तर अटीत ‘मिसिंग ॲक्टिव्हिटी’ राहते आणि पुढचं कुणालाच उघडत नाही. म्हणून नोट्स सुधारताना जुनी फाइल उडवून नवी लावू नका, त्याच ‘फाइल’च्या सेटिंगमध्ये जाऊन आतली पीडीएफ बदला.

पूर्णतेच्या खुणा (कोणती गोष्ट करून झाली ते दाखवणाऱ्या) मात्र जरूर लावा, अट विचारपूर्वक निवडून. वाचनाला ‘पाहिलं’ ही अट चालते, असाइनमेंटला नाही. तिथे ‘सबमिशन केलं’ घ्या, नाहीतर नुसतं उघडलं तरी पूर्ण झाल्याची खूण पडते. हे सत्र सुरू व्हायच्या आधीच पक्कं करा. कुणी पूर्ण केल्यावर सेटिंग अनलॉक करून अटी बदलल्या तर आधीच्या नोंदी पुसल्या जातात.

असाइनमेंटमध्ये ‘ड्यू डेट’ उलटली तरी सबमिशन स्वीकारलं जातं, फक्त ‘उशिरा’ असा शेरा येतो. दार बंद करते ती ‘कट-ऑफ डेट’. दोन्हींत दोन-तीन दिवसांचं अंतर ठेवा. फाइलची मर्यादाही बघा: १ एमबी असेल तर नकाशाचा फोटो चढणारच नाही, १० करा.

वेण्णाकाठ

फार उपयोगी. चाचणी चालू असताना रेंज गेली तर उत्तरं जातात का?

येरळा

मूडल साधारण मिनिटाभराने आपोआप जतन करतं, आणि पुढच्या पानावर गेलं की मागच्या पानावरचं जतन होतंच. म्हणून दहाही प्रश्न एका पानावर ठेवू नका, दोन-दोन ठेवा. वेळमर्यादाही थोडी सैल द्या.

दंडोबा

आणि पान खुलं करण्याआधी ‘स्विच रोल’वर (स्वतःच्याच खात्यातून विद्यार्थी म्हणून पान बघण्यावर) भागवू नका, त्यात गुण आणि पूर्णतेच्या खुणा नीट तपासता येत नाहीत. ॲडमिनकडून एक खोटा विद्यार्थी नोंदवून घ्या, त्याच्या नावाने साध्या मोबाईलवर, वायफाय बंद करून, घटक तिसरा सुरुवातीपासून जमा करण्यापर्यंत पुरा करून बघा. जिथे अंगठा थबकेल तिथलं नाव बदला.