बाबांच्या डोळ्याचा पडदा आणि योजनेचे अडकलेले पैसे

बी-204: नमस्कार, इतक्या रात्री सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज करतेय. सासऱ्यांच्या डाव्या डोळ्याचा पडदा सरकलाय. दोन दिवस म्हणत होते काळी सावली वर चढतेय, आम्हाला नंबर वाढला वाटलं. जळगावातल्याच दवाखान्यात दाखवलं, तिथे महात्मा फुले योजना (सरकारी मोफत उपचारांची) आहे. पण काउंटरवर सांगितलं, शासनाकडून पैसे महिनोन् महिने येत नाहीत, 15 हजार आधी भरा, क्लेम पास झाला की परत देऊ. भरू का?

ए-102 काका: तो माणूस खोटं बोलत नसेल बरं. माझा भाचा धुळ्याला बिलिंग बघतो. डोळ्यात भरायचं सिलिकॉन ऑइल, गॅस, लेन्स सगळं आधी विकत आणावं लागतं, सप्लायर थांबत नाही. मोठी हॉस्पिटलं तग धरतात, एका डॉक्टरच्या दवाखान्याला जड जातं.

सी-301: काका, मान्य. तरी वहिनी, एक रुपयाही भरू नका. मी चार वर्षं आरोग्यमित्र होतो, म्हणजे दवाखान्यात योजनेच्या पेशंटला मदत करणारा माणूस. पॅकेजमध्ये तपासण्या, ऑपरेशन, औषधं, जेवण सगळं धरलेलं असतं. वरून पैसे घेता येत नाहीत, उशीर सरकारकडून झाला तरी. तो हिशेब दवाखाना आणि सोसायटीचा (आपली नाही, राज्य आरोग्य हमी सोसायटी). त्यात बाबांना ओढायचं नाही.

बी-204: मग त्यांनी नाहीच म्हटलं तर?

सी-301: आधी तिथल्या आरोग्यमित्राला गाठा, काउंटरला नाही. नाहीच ऐकलं तर तिथूनच योजनेच्या हेल्पलाइनला, 155388 ला, फोन लावा. मंजुरीला वेळ लागेल म्हणाले तर सांगा, इमर्जन्सीत फोनवरही कळवता येतं. बाबांचं वय काय?

बी-204: 74

सी-301: मग आधार घ्याच. 70 च्या पुढे मोफत उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, उत्पन्नाची अट नाही. रेशन कार्डही सोबत ठेवा.

ए-001 आबा: पोरी, पैसास्नं मांगे दखू. आधी डोया.

ए-103 काकू: सिव्हिलला नाही का होत? माझं मोतीबिंदूचं तिथेच फुकट झालं.

सी-301: काकू, मोतीबिंदू अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात होतो, तो 1976 पासून आहे. पडद्याचं मशीन आणि सर्जन सगळीकडे नसतात. आणि पडद्याचा मधला भाग सुटला तर नंतर जोडूनही नजर पूर्ण येत नाही. उद्या सकाळीच जा.

ए-102 काका: आणि डिस्चार्जला घाई करू नका. कागद अपुरा राहिला की क्वेरी निघते (क्लेमवर शंका काढतात), मग त्या डॉक्टरचे पैसे आणखी लांबतात. सही, अंगठा, फोटो नीट देऊन या. तेवढं आपल्या हातात आहे.

बी-204 (दुसऱ्या दिवशी दुपारी): आरोग्यमित्र ताई भेटल्या. 155388 चं नाव काढल्यावर डिपॉझिटचा विषय संपला. 12 वाजता मंजुरी आली, आत्ता आत नेलंय. डॉक्टर स्वतः बाहेर येऊन बोलले, म्हणाले आधीच्या कित्येक ऑपरेशनचे पैसे बाकी आहेत. रागावले नव्हते, थकलेले वाटले. मला वाईट वाटलं.

ए-102 काका: भाचाही तेच म्हणतो. पेशंट सोडवत नाही आणि पगार थांबतात. योजना धुळ्यात 2012 ला पहिल्याच टप्प्यात आली, तेव्हापासून बघतोय.

बी-204: डोळ्यात गॅस भरणार आहेत, काही दिवस मान खाली घालून राहायचं म्हणे. कोणाकडे मधे भोक असलेली गोल उशी आहे का?

ए-103 काकू: माझ्याकडे आहे. संध्याकाळी पाठवते, डबाही.