नाशिक खान्देशात नाही, आणि जिल्ह्यातलं सगळं पाणी गंगेलाही जात नाही

ब्रह्मगिरीकर
स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी कुणीतरी बनवलेली एक पोस्ट काल फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. 'महाराष्ट्राचा भूगोल एका पानात'. नाशिकच्या वाट्याला तीन ओळी: नाशिक जिल्हा खान्देशात मोडतो. जिल्ह्यातलं सगळं पाणी गोदावरीला मिळतं. नांदूर मधमेश्वर हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणजे नैसर्गिक सरोवर. तीन ओळींत अडीच चुका. 'पहिलं रामसर' (आंतरराष्ट्रीय करारातली पाणथळ) तेवढं खरं, म्हणून अर्धा गुण दिला. खाली पोरांचे 'धन्यवाद सर' बघून झोप गेली, म्हणून लिहितोय.

पाण्यापासून सुरू करू. ब्रह्मगिरीवरचा पाऊस पूर्वेला उतरला तर गोदावरी, म्हणजे आमची गंगा. १४६५ किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागरात. त्याच रांगेत जरा पलीकडे पडला तर वैतरणा, म्हणजे मुंबईकरांचा नळ. समुद्र सरळ रेषेत ऐंशी किलोमीटरवर असताना गंगा त्याला पाठ करून का निघते? कारण दख्खनच्या पठाराचा उतार पूर्वेला आहे आणि सह्याद्री हा त्याचा उंच काठ. आता उत्तरेला चला. सप्तशृंगी-चांदवडची सातमाळा रांग ओलांडली की गिरणा, मोसम, आरम. हे पाणी तापीला जातं. पेठ-सुरगाण्यात नार, पार, दमणगंगा थेट गुजरातेत उतरतात. केमच्या डोंगरात तर एका अंगाला गिरणा आणि दुसऱ्या अंगाला नार-पार. घराच्या पाख्यासारखं आहे हे. कुठल्या पाख्यावर थेंब पडला यावर त्याचं नशीब.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की कोकण, देश, खान्देश, मराठवाडा, विदर्भ हे पाच खण पाठ करून राज्य कळत नाही. ते पाणलोटाने कळतं. राज्याचा जवळजवळ निम्मा भाग एकट्या गोदावरीच्या खोऱ्यात आहे, तापीचा वाटा साधारण सहावा. 'उत्तर महाराष्ट्र' हा शब्द तर कचेरीत जन्मलेला आहे. नगरपासून नंदुरबारपर्यंत सगळं एका विभागीय आयुक्ताखाली येतं, म्हणून काय प्रवरेची आणि तापीची सोयरीक झाली?

मोसमकाठ
सगळं वाचलं. शेवटपर्यंत वाट पाहिली की आता तरी बागलाणचं नाव येईल. 'रांग ओलांडली की' म्हणून मोकळे झालात. ओलांडली की आम्ही राहतो, साहेब.

१८६९ साली नाशिक जिल्हा जुळवला तेव्हा मालेगाव, नांदगाव, बागलाण हे खान्देशातून काढून नगरच्या तुकड्याला जोडले. म्हणजे खान्देश नाशकात आहेच, तुम्हाला आवडो न आवडो. माझ्या आजीला मराठी समजायची, पण रागावायची ती अहिराणीतच. भो, अहिराणी आमनी माय शे. धागा काढणाऱ्याने मथळ्यात 'नाशिक शहर' लिहायला हवं होतं. जिल्हा म्हणजे पंचवटी ते कॉलेज रोड नव्हे.

ब्रह्मगिरीकर
मोसमकाठ, तुम्ही माझीच बाजू मांडताय. अहिराणी कुठे सुरू होते? जिथून पाणी गिरणेला वळतं तिथून. डोंगराची धार हीच बोलीची हद्द. रेघ १८६९ च्या साहेबाने ओढली नाही, सातमाळ्याने ओढली.

मोसमकाठ
मस्त. मग मनमाडचं सांगा. पांझण गिरणेलाच मिळते. मनमाड स्टेशनावर उतरून अहिराणी बोला आणि कोण उत्तर देतं ते कळवा. रेल्वेने गाव वसवलं, नदीने नाही. आणि दमणगंगेच्या काठचे लोक तुमच्या हिशोबाने गुजराती का?

गंगाकाठी
तुमचं खान्देश चालू द्या. मी चांदोरीच्या बाजूचा. नांदूर मधमेश्वर नैसर्गिक का माणसाने केलेलं ही तुमची परीक्षा, आमची परीक्षा दर पावसाळ्यात असते.

माहिती नसणाऱ्यांसाठी: गंगा आणि कडवा मिळतात तिथे इंग्रजांनी १९०७ ते १९११ मध्ये बंधारा घातला. कशासाठी? पाणी अडवून कालव्याने कोपरगाव-राहात्याकडे न्यायला. ऊस तिकडे, गाळ इकडे. शंभर वर्षांचा गाळ. पुराचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगतं. २०१९ च्या ऑगस्टात चांदोरी-सायखेड्यात होड्या फिरल्या. माझ्या द्राक्षबागेत चार दिवस पाणी उभं. पांढरी मुळी सडली. ऑक्टोबरला फळासाठीची गोडी छाटणी घेतली तर काडीतून घडच निघेना. मुलीचं लग्न ठरलेलं होतं त्या मालावर. पंचनामा झाला, फोटो काढले, आणि जी रक्कम आली ती सांगायची लाज वाटते.

ह्याला तुम्ही 'पाणथळ वारसा' म्हणणार. आम्ही चिखल म्हणतो.

दुर्बीणवाला
दादा, तुमच्या नुकसानीबद्दल वाईट वाटतं, पण तो 'चिखल'च तर सगळी गंमत आहे. गाळ साचून उथळ झालं, बेटं झाली, पाणवनस्पती आल्या, मासे आले, म्हणून पक्षी आले. १९८६ ला अभयारण्य झालं, २०२० च्या जानेवारीत रामसरची घोषणा. लोणार त्यानंतर, त्याच वर्षी. आणि माणसाने केलेला बंधारा म्हणून पाणथळ कमअस्सल ठरत नाही. रामसर करारात मानवनिर्मित पाणथळीही येतात. म्हणजे पोस्टवाल्याची चूक आहेच, पण ब्रह्मगिरीकरांचा 'नैसर्गिक नाही' हा टोलाही फुसका. डिसेंबरात पहाटे चापडगावच्या मनोऱ्यावर उभे राहा. चक्रवाकांचा थवा उठला की नैसर्गिक-अनैसर्गिक विसराल.

गंगाकाठी
पहाटे आम्ही उभेच असतो, लाइट रात्रीची असते म्हणून. तुमचे करकोचे माझ्या हरभऱ्यात उतरतात तेव्हा त्यांना रामसरचं कार्ड दाखवू का? गाळ काढा म्हटलं की अभयारण्य. वीटभट्टीला माती न्यायची म्हटलं की अभयारण्य. पाणी मात्र अभयारण्याची हद्द विचारत नाही, थेट ओट्यावर येतं.

दुर्बीणवाला
पुराला एकटा गाळ जबाबदार नाही. वर शहरात पूररेषेच्या आत काय काय बांधलंय ते बघा. रामकुंडाच्या परिसरात नदीच्या तळाला काँक्रीट. नासर्डीला 'नंदिनी' नाव दिलं आणि वागवलं नाल्यासारखं. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं एवढाच आमचा जलविज्ञानाचा अभ्यास.
गाळाबद्दल मात्र... बरं, प्रवाहाच्या मुख्य पात्रातला काढायला माझी हरकत नाही. बेटं सोडून. पक्षी नसतील तेव्हा.

गंगाकाठी
पक्षी नसतात तेव्हा पाणी असतं, राव. जेसीबी काय पोहणार?

वैजापूरकर
(मूळ वैजापूर, पंधरा वर्षं नाशिकच्या अंबडला नोकरी.) नाशिककरांचा हा धागा मोठ्या प्रेमाने वाचतोय. खण नको, पाणलोट घ्या म्हणता? मग आधी सही करा. जायकवाडी धरणाचं पैठण तुमच्याच पाणलोटात आहे. २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा हेच सांगतो: खोरं एक, तूट सगळ्यांनी वाटून घ्यायची. जायकवाडीचा उपयुक्त साठा ठरलेल्या टक्केवारीच्या खाली राहिला की वरच्या धरणांतून सोडायचं. तेव्हा तुम्ही काय करता? कोर्टात जाता, रस्त्यावर बसता आणि 'मराठवाड्याने आमचं पाणी पळवलं' म्हणता. मराठवाडा! आला की नाही तुमचा खण परत?

माझे वडील नांदूर मधमेश्वर जलद कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला शेती करतात. आवर्तन सुटल्याची बातमी पेपरात आधी येते, पाणी नंतर येतं, कधी येतच नाही. २०२३ ला इथून पाणी सोडायचं ठरलं तेव्हा माझ्या सोसायटीतले लोक मला लिफ्टमध्ये विचारत होते, 'काय, मिळालं का आमचं पाणी?' आमचं म्हणे. पाऊस काय ह्यांच्या सातबाऱ्यावर पडतो?

गंगाकाठी
वैजापूरकर, पाणी सोडायचं तेव्हा पात्रातून सोडतात, आमच्या मोटारींची लाइट तोडून. नदीकाठी राहून डोळ्यांदेखत पाणी जाताना बघायचं. आणि निम्मं वाळूत मुरतं ते कुणाच्या खात्यात?

वैजापूरकर
उन्हाळ्यात सोडलं की मुरणारच. ऑक्टोबरातच सोडा म्हटलं की तुम्ही तारखा मागता.

ब्रह्मगिरीकर
वैजापूरकरांनी मला माझ्याच दोरीने बांधलं. पाणलोट मानायचा तर पैठणपर्यंत मानावा लागतो, कबूल. आनंदाने नाही, पण कबूल. मात्र वैतरणेचं आणि दमणगंगेचं पाणी बोगद्याने गोदावरीत आणायच्या गप्पा निघतात, तेव्हा मराठवाड्यालाही पाणलोट आठवत नाही, ही नोंद असू द्या.

पेठरोड
'दमणगंगेच्या काठचे लोक', 'दमणगंगेचं पाणी आणायच्या गप्पा'. त्या काठावर माझं घर आहे. दोनशे ओळींच्या भांडणात आम्ही दोनदा आलो आणि दोन्हीदा पाणी म्हणून.

तुमच्या गावाकडचे म्हातारे अजूनही आमच्या भागाला डांग म्हणतात आणि स्वतःला देशावरचे. तोच खरा भूगोल, सर. पावसाळ्यात इतका पडतो की नागलीची रोपं वाहून जातात. फेब्रुवारीनंतर आई झिऱ्यावर वाटीने पाणी भरते. काळा कातळ, उभा उतार, पाणी थांबतच नाही. दिवाळी झाली की आम्ही नाशिकजवळच्या गिरणारे गावच्या बाजारात उभे, तुमच्या द्राक्षांना मजूर म्हणून. थिनिंग (मणी विरळणं), डिपिंग (घड औषधात बुडवणं) सगळं आमच्या बायका करतात. पाणी गुजरातला जातं आणि माणसं निफाडला. दोघंही उताराने.

आता २०२४ मध्ये नार-पार-गिरणा नदीजोड प्रकल्पाला मंजुरी दिली. धरणं आमच्या दऱ्यांत, पाणी मोसमकाठ साहेबांच्या गिरणेत. आम्हाला विचारलं का, असं विचारत नाही. उत्तर माहीत आहे.

मोसमकाठ
भाऊ, तुझं दुःख खरं. पण गिरणेची बाजूही ऐक. चणकापूर १९११ चं, गिरणा धरण १९६९ चं, तेही नांदगावात बांधून पाणी मुख्यतः जळगावला. आम्हीही धरणाच्या भिंतीकडे बघत बसणारेच. मोसमवर एकेकाळी फड होते. गावाने बंधारा बांधायचा, पाटकऱ्याने पाळीने पाणी फिरवायचं, कुणाची दादागिरी नाही. माझ्या चुलत आजोबांच्या वेळेपर्यंत चालू होतं. मग प्रत्येकाने विहीर खणली, डाळिंब लावलं, आणि फड गेला. नार-पारचं पाणी नाही आलं तर मालेगाव-बागलाणने काय करायचं?

पेठरोड
आम्ही करतो तेच. गिरणाऱ्याला या. जागा करून देऊ.

मोसमकाठ
हे लागलं. उत्तर नाही माझ्याकडे.
पण मूळ मुद्दा राहिलाच. नाशिक खान्देशात नाही हे विधान अर्धं खोटं आहे.

दुर्बीणवाला
अजून तिथेच?! इकडे तीन खोरी एकमेकांच्या उरावर बसलीत आणि तुम्हाला खान्देश.

मोसमकाठ
हो, तिथेच. सटाण्यात खापराचे मांडे खाऊन परत जाताना तुम्हीच म्हणता 'काय खान्देशी जेवण होतं!' मग नकाशात का दुखतं?

ब्रह्मगिरीकर
मी मिसळ खातो म्हणून मी मटकीचा होत नाही.

वैजापूरकर
हा धागा वर्षभर चालला तरी जायकवाडीचा साठा एक टक्का वाढणार नाही.

ब्रह्मगिरीकर
ठीक. मथळा बदलता येत नाही, पण दुरुस्ती इथे लिहितो: नाशिक जिल्ह्याचा गिरणाकाठ खान्देश, सह्याद्रीपलीकडचा भाग डांग, बाकी देश. मनमाडचं मला सांगता येत नाही. अडीचऐवजी पोस्टवाल्याच्या दोन चुका धरतो. पेठरोड, तुमचं नाव आधी यायला हवं होतं.

मोसमकाठ
'गिरणाकाठ खान्देश' एवढं पुरे. स्क्रीनशॉट घेतलाय.

गंगाकाठी
दारणा धरणातून पाणी सुटल्याचा मेसेज आलाय. वरही जोरात चालू आहे म्हणतात. मी मोटार काढायला चाललो. चांदोरी-सायखेड्याकडचं कुणी वाचत असेल तर त्यांनीही काढा, रात्रीची वाट बघू नका.