मदत हवी आहे: मैदानात खणखणीत ओरडणाऱ्या पोरी मोठ्यांपुढे गप्प होतात, काय करावं?

नमस्कार मंडळी, मी सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातल्या एका गावात राहते. आम्ही चारपाच जणी मिळून दर रविवारी सकाळी सहावी ते नववीच्या मुलींना शाळेच्या मैदानावर कबड्डी शिकवतो आणि मग समाजमंदिरात बसून वाचन, पाळीबद्दल बोलणं, बँकेची स्लिप कशी भरायची असं काय काय चालतं. आपल्याच जिल्ह्यात २०११ ला 'नकुशी' नावाच्या २८० च्या वर मुलींची नावं बदलली होती, बऱ्याच जणांना आठवत असेल. ते फार चांगलं झालं, पण तिसऱ्या-चौथ्या मुलीकडे बघायची घरातली नजर अजून गेली नाहीये आणि ती पोरींच्या अंगात मुरते, नुसतं नाव विचारलं तरी ओढणीचं टोक पिळत शेजारणीकडे बघतात.

कबड्डी मुद्दाम घेतली, कारण चढाईत दम चालू ठेवावाच लागतो आणि तो पंचांना ऐकू यावा लागतो. आधी नुसते ओठ हलायचे. आता सातवीतली एक अगदी किरकोळ पोर अशी 'कबड्डी कबड्डी' करत शिरते की समोरच्या आधीच मागं सरकतात, खूप भारी वाटतं बघून. पण हीच पोर १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत शाळेच्या बाथरूमचं दार तुटलंय एवढंच सांगायला उठली आणि चुलत्यांना बघून खाली बसली.

दुसरं म्हणजे आठवी झाली की घरचे पाठवत नाहीत, 'आता मोठी झाली, बरं दिसत नाही'. कुणी गावात असं काम केलं असेल तर प्लीज सांगा, पैशाचीही अडचण आहेच.

प्रतिसाद:
ताई, एकदम ग्रामसभेत नका उभं करू. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते ना, तिथं आया-आज्ज्या असतात, दोघीतिघींना मिळून एकच मुद्दा मांडू द्या, तोच पुढे ग्रामसभेत जातो. मुंबईत गोवंडीच्या शिवाजीनगरात पण कबड्डीतूनच मुलींसाठी 'परिवर्तन' उपक्रम झाला होता, त्याची माहिती काढा. घरचे नाही म्हणतात तिथं पोरींना बोलायला लावू नका, तुम्हीच दारात जा, आईला मॅच बघायला घेऊन या, लेकीला खेळताना बघितलेली आई घरात तिची बाजू घेते हा माझा अनुभव आहे. आणि ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करावे लागतात, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (म्हणजे आधीचे ग्रामसेवक) लेखी अर्ज द्या आणि पोच घ्याच, तोंडी सांगून काही होत नाही.

धागाकर्ती:
खूप आभार दादा. पुढच्या महिला सभेत दाराचा मुद्दा पोरींनाच मांडू देते. अर्जाचा नमुना असेल तर इथंच टाकाल का?