पाच सॉफ्टवेअर, एक लॉगिन: करू की नको?

वजनकाटा
मंडळी, सल्ला हवाय. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका आंबा कॅनिंगच्या कारखान्यात कॉम्प्युटरचं सगळं मी बघतो. सगळं म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेल्या कागदापासून जीएसटीच्या रिटर्नपर्यंत. हजेरी, स्टॉक, बिलं, कोल्ड स्टोरेज आणि मेल अशी पाच सॉफ्टवेअर आहेत, आणि प्रत्येकाचा युजर-पासवर्ड वेगळा. वजनकाट्याच्या केबिनमध्ये स्टॉकचा पासवर्ड पुठ्ठ्यावर बॉलपेनने लिहून सुतळीने टांगलाय. त्यावर कोणाचा तरी रसाने माखलेला अंगठाही उमटलाय.

गेल्या फेब्रुवारीत पल्पच्या ३८ खोक्यांचा गेटपास निघाला, तोही आदल्या जूनमध्ये काम सोडून गेलेल्या सुपरवायझरच्या नावाने. तो तेव्हा पुण्यात होता. त्याचं खातं हजेरीतून बंद केलं होतं, स्टॉकमधून करायचं राहून गेलं. चूक माझीच. पण नक्की कोणी केलं ते आजही सांगता येत नाही, कारण पुठ्ठा सगळ्यांनाच वाचता येतो.

म्हणून म्हणतोय की लॉगिन एकाच जागी ठेवावं. तिथे ओळख पटली की सही केलेलं टोकन, म्हणजे ओळखीची डिजिटल चिठ्ठी मिळेल, त्यात नाव, विभाग, हुद्दा. बाकीच्या सॉफ्टवेअरनी पासवर्ड ठेवायचाच नाही, टोकन बघून आत घ्यायचं. मालक म्हणतात, "सगळ्या चाव्या एका जुडग्यात घालून जुडगा विहिरीत पडला म्हणजे?" काय उत्तर देऊ?

तिरफळ
उत्तर देऊ नका, मालकांचं ऐका. १४ डिसेंबर २०२० ची संध्याकाळ आठवा. गूगलचं मेल, यूट्यूब, डॉक्स पाऊण तास बंद. सर्व्हर जळला नव्हता की केबल तुटली नव्हती. ओळख तपासणाऱ्या मधल्या यंत्रणेची साठवणुकीची मर्यादा आपोआप चुकीची कमी झाली, बस्स. मेल ठणठणीत होता, पण दारावरचा भय्या बेशुद्ध! गूगलला पाऊण तासात माणसं मिळतात. तुम्हाला मे महिन्यातल्या रविवारी कोण मिळणार?

पुठ्ठ्याचा पासवर्ड गेला तर एक स्टॉक गेला. तुमच्या नव्या जागेची चावी गेली तर पाचही गेले.

वाशिष्ठीकाठ
तिरफळराव, तुमची दोन्ही उदाहरणं खरी, पण निष्कर्ष घाईचा आहे. मी कॉलेजच्या ऑफिसात काढलेली वर्षं मोजून सांगतो, हे तंत्र आपण कॉम्प्युटर येण्याआधीपासून वापरतोय. उत्पन्नाचा दाखला आठवा. फी सवलतीसाठी मुलगा येतो तेव्हा कॉलेज त्याच्या घरी जाऊन नारळ मोजत नाही. तहसीलदाराने चौकशी केलेली असते, दाखल्यावर सही असते. आम्ही तीनच गोष्टी बघतो: सही कोणाची, नाव कोणाचं, मुदत कधीपर्यंत. झालं तुमचं टोकन.

आणि महत्त्वाची गोष्ट अशी की सवलत तहसीलदार देत नाही. तो फक्त उत्पन्न सांगतो. सवलत द्यायची की नाही ते कॉलेज ठरवतं. वजनकाटा, तुमच्या टोकनमध्ये "गेटपास काढू शकतो" असं लिहू नका. "गोदाम सुपरवायझर" एवढंच लिहा. गेटपास कोणाला काढू द्यायचा ते स्टॉकच्या सॉफ्टवेअरने ठरवावं. नाहीतर उद्या प्रत्येक बारीकसारीक परवानगी टोकनात कोंबाल आणि ते आधार कार्डाच्या झेरॉक्ससारखं सगळीकडे फिरेल.

(झेरॉक्सवरून आठवलं. मागच्या महिन्यात एका टपरीवर भजी घेतली, तर कागदावर कोणाचा तरी फोटो आणि पूर्ण नंबर. कुठल्यातरी लॉजच्या फायलीतून रद्दीत गेलेला. लॉजवाल्याला हवं काय, तर नाव आणि पत्ता. नंबराचे शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क्ड आधार चाललं असतं की.)

मालवणी खाजा
माका एक सांगा. पावसात आमच्याकडे चार-चार दिस लाईट नसता, नेटाचा तर नावच काढू नका. तुमचो तो टोकन देणारो मुंबयच्या सर्व्हरवर बसलेलो. मग कोल्ड स्टोरेजचा दार माका कोण उघडून देतलो? माशे कुसले की टोकन चाटू?

तिरफळ
+१. खाजासाहेबांनी दोन ओळीत माझं काम केलं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा दापोली-मंडणगडात कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. ज्याचं सगळं आपल्या आवारात, तो तरला.

वाशिष्ठीकाठ
आवारात? साहेब, मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ चा पूर आला तेव्हा आमच्या ऑफिसचा "आपल्या आवारातला" सर्व्हर तळमजल्यावर होता. दोन दिवसांनी कपाट उघडलं तेव्हा आतून गाळाबरोबर एक शिंपला निघाला. बॅकअपची डिस्क त्याच कपाटात वरच्या खणात. पाणी वरच्या खणाला विचारून आलं नव्हतं.

खाजासाहेबांचा प्रश्न मात्र रास्त आहे. पण टोकन तपासायला दर वेळी मुंबईला विचारावं लागत नाही. देणाऱ्याची जाहीर चावी (सही तपासणारी, सही करणारी नव्हे) सॉफ्टवेअरकडे आधीच असते, तिने सही जागेवर पडताळता येते. सॉफ्टवेअर तुमच्याच आवारात असेल, तर सकाळी लॉगिन केलं आणि दुपारी नेट गेलं तरी मुदत संपेपर्यंत टोकन चालतं.

तिरफळ
आणि इथेच फसलात! मुदत संपेपर्यंत चालतं, म्हणजे मालकाने दुपारी एकाला हाकलला तरी पाचपर्यंत चालतं. तुमच्याच दाखल्यात बघा: ३१ मार्चपर्यंत वैध. सप्टेंबरात बापाला नोकरी लागली तरी पोरगा मार्चपर्यंत गरीबच. वजनकाट्यांचं दुखणं काय होतं? गेलेला माणूस आत राहिला. औषध तेच दुखणं देतंय.

चावीचंही सांगतो. जुलै २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की त्यांची टोकनवर सही करणारी एक चावी हल्लेखोरांच्या हाती लागली. सुमारे २५ संस्थांचे मेल वाचले गेले, त्यात अमेरिकेची सरकारी खातीसुद्धा. पासवर्ड एकही फोडला नाही, टोकनच बनवली. देवगडचा छापा हाती आला की कर्नाटकचा आंबाही देवगड हापूस होतो, आणि २०१८ चं जीआय म्हणजे भौगोलिक ओळखीचं मानांकन बघत बसतं.

पडवी
बराच वेळ वाचतेय. मी हेच काम करते, गावी आलेय म्हणून वेळ आहे. तुम्ही दोघं दोन वेगळे निर्णय एकत्र करून भांडताय. टोकनवर ओळख चालवणं हा एक निर्णय, लॉगिन एकाच जागी ठेवणं हा दुसरा. दाखले देणारे अनेक असू शकतात: तहसीलदार वेगळा, शाळा वेगळी. प्रत्येक सॉफ्टवेअर कोणाची सही कशासाठी मानायची ते स्वतः ठरवतं. इंग्रजीत त्याला क्लेम म्हणजे "दावा" म्हणतात ते यासाठीच. कोणीतरी दावा करतोय, मानायचा की नाही ते समोरचा बघेल.

तिरफळकाका, २०२३ ची गोष्ट अर्धीच सांगितलीत. चोरीला गेलेली चावी घरगुती खात्यांची होती. तिने बनवलेलं टोकन कंपन्यांच्या मेलने मान्य करायलाच नको होतं. सही खरी आहे एवढं बघितलं, ही सही आपल्याकडे चालते का, ते बघितलं नाही. म्हणजे गुहागरच्या तहसीलदाराच्या सहीवर सावंतवाडीचा रहिवास मिळाला. तेव्हा वजनकाटा, व्हेंडरला पहिला प्रश्न हा विचारा: तुमचं सॉफ्टवेअर टोकन कोणी दिलं आणि कोणासाठी दिलं, दोन्ही तपासतं का? "होतं सर ऑटोमॅटिक" म्हणाला तर समोर बसून हजेरीचं टोकन स्टॉकला दाखवायला सांगा. आत घेतलं तर चहा पाजून परत पाठवा.

आणि टोकनची मजकुराची बाजू कोणालाही वाचता येते बरं का. सही म्हणजे कुलूप नव्हे. त्यात पगार, आधार नंबर घालू नका.

हाकललेल्या माणसाच्या मुद्द्यावर काका बरोबर आहेत. तिथे फुकटचा उपाय नाही. मुदत छोटी ठेवली तर सारखं नवं टोकन घ्यायला नेट हवं, मोठी ठेवली तर गेलेला माणूस तेवढा वेळ आत.

वजनकाटा
पडवीताई, "फुकटचा उपाय नाही" हे पहिल्यांदाच कोणीतरी सरळ सांगितलं. व्हेंडर गेले दोन महिने मला फक्त रंगीत बाण दाखवतोय.

मग असं करतो. स्टॉक, बिलं, हजेरी आणि मेल एका लॉगिनवर. स्टॉकला मुदत १५ मिनिटं, कारण गेटपास तिथेच निघतो. हजेरीला अख्खी शिफ्ट. कोल्ड स्टोरेज यातून बाहेर, त्याचं जुनं लॉगिन तसंच. शिवाय एक आणीबाणीचं खातं, पासवर्ड पाकिटात, पाकीट सीलबंद, मालकांच्या तिजोरीत. उघडलं की लगेच बदलायचं.

तिरफळ
पाकिटाला माझी हरकत नाही. १५ मिनिटांना आहे. हंगामात गेटवर २० टेम्पो उभे आणि नेट गेलं, की सोळाव्या मिनिटाला पुठ्ठा परत टांगला जाईल. लिहून ठेवा.

पडवी
काका म्हणतात ते होईल खरं. एप्रिल ते जून एक तास ठेवा, बाकी वर्षभर १५ मिनिटं. आणि गेटवर दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला राउटर लावा, तो यापेक्षा स्वस्त पडेल.

मालवणी खाजा
तां सगळां करा. पण ती तिजोरी तळमजल्यार नाय मां?

वजनकाटा
...तळमजल्यावरच आहे. उद्या बोलतो मालकांशी.